पौर्णिमेला विहिरीचं पाणी वर येतं का? चंद्र, कातळ आणि आपली बोअर

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. करवीर तालुक्यात नदीच्या अंगाला तुमचं उसाचं रान आहे. जुनी 40 फुटांची विहीर आहे आणि अलीकडे मारलेली 300 फुटांची बोअर आहे. वडील सांगतात, पौर्णिमा-अमावस्येला विहिरीचं पाणी वर येतं आणि मोटर जास्त वेळ चालते. तुमचं म्हणणं असं की समुद्राला भरती येते तर विहिरीला का येऊ नये. विहिरीला येत असेल तर रंकाळ्याला का दिसत नाही? आणि माणसाच्या अंगात 70 टक्के पाणी म्हणतात, मग आपल्याला काहीच कसं होत नाही? शेवटी तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. चंद्र दरवर्षी लांब चाललाय, तर त्याचा पाण्यावर परिणाम होणार का? आणि पाण्याची पाळी तिथीवर बसवावी का?

मी भूजलाचं काम करतो. कोल्हापूर-सांगली भागात विहिरी आणि बोअरच्या जागा बघणं, पातळ्या मोजणं, आटलेल्या बोअरचं कारण शोधणं यातच माझी उमर गेली. त्यामुळे माझं उत्तर चंद्रापेक्षा कातळाच्या बाजूने जास्त येईल. आधी निकाल सांगतो. उघड्या विहिरीत चंद्रामुळे मोजता येईल असा फरक पडत नाही. खोल बोअरमध्ये पडू शकतो, पण काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर एवढाच, आणि तोही बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट दिशेने. पाण्याची पाळी तिथीवर बसवू नका. वडिलांचं मात्र खोटं पाडू नका. त्यांनी पाणी वर आलेलं पाहिलं असणारच. त्यामागचं कारण वेगळं असावं, आणि ते शोधलं तर तुमच्या रानाच्या कामाचं आहे.

सगळा घोळ "चंद्र पाणी ओढतो" या एका वाक्यात आहे. चंद्राला पाण्याचं वेगळं प्रेम नाही. पाणी, दगड, ऊस, माणूस, सगळ्यांना तो वस्तुमानाच्या हिशेबाने सारखाच ओढतो. ही ओढ केवढी? पृथ्वी आपल्याला ज्या जोराने खाली धरून ठेवते, त्याच्या साधारण 3 लाखावा भाग. सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या जवळजवळ 180 पट आहे. नुसत्या ओढीने भरती येत असती तर ती रोज घड्याळाच्या त्याच वेळेला, सूर्याच्या मागोमाग आली असती. कोकणातल्या कोणत्याही खलाशाला विचारा, भरती चंद्राच्या मागे जाते, सूर्याच्या नाही.

भरती घडवतो तो ओढीतला फरक. चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर. म्हणजे पृथ्वीची चंद्राकडची बाजू पलीकडच्या बाजूपेक्षा पावणेतेरा हजार किलोमीटरने त्याच्या जवळ असते, आणि तिच्यावरची ओढ साडेसहा टक्क्यांच्या आसपास जास्त असते. आता एक गोष्ट लक्षात घ्या. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं तर दोघंही एका सामाईक मध्यबिंदूभोवती फिरतात. पृथ्वी चंद्राच्या 81 पट जड असल्यामुळे तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच पडतो, केंद्रापासून सुमारे 4,670 किलोमीटरवर, म्हणजे जमिनीखाली साधारण 1,700 किलोमीटर. या फिरण्यात अख्खी पृथ्वी तिच्या केंद्रावर जेवढी ओढ आहे त्या हिशेबाने चंद्राकडे वळत राहते. चंद्राकडची बाजू त्या मानाने जरा जास्त ओढली जाते, पलीकडची बाजू जरा कमी ओढली जाऊन मागे राहते. परिणाम असा की पृथ्वी चंद्राच्या रेषेत दोन्हीकडून ताणली जाते. म्हणून भरती दिवसातून दोनदा येते, एकदा चंद्र डोक्यावर असल्याच्या हिशेबाने आणि एकदा तो पायाखाली गेल्याच्या. नुसती ओढ असती तर ती एकदाच आली असती.

सूर्य एवढा बलाढ्य असूनही या कामात मागे का पडतो तेही यातच आलं. तो चंद्राच्या जवळजवळ 390 पट लांब आहे, आणि तेवढ्या अंतरावरून पृथ्वीची अलीकडची बाजू काय नि पलीकडची काय, त्याला जवळपास सारखीच. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, हा ताण मात्र घनाने कमी होतो. त्यामुळे सूर्याचा ताण चंद्राच्या ताणाच्या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो. अमावस्या आणि पौर्णिमेला दोघांचे ताण एका रेषेत येतात, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला ते एकमेकांना काटकोनात असतात, तेव्हा भांगाची. वडिलांनी अमावस्या आणि पौर्णिमा या दोन्ही तिथी एकत्र सांगितल्या, हे ऐकून मला बरं वाटलं. चंद्राचा परिणाम म्हणून लोक सहसा फक्त पौर्णिमेचं नाव घेतात, कारण ती दिसते.

फरकाने सगळं घडतं म्हटल्यावर रंकाळ्याचं उत्तर सोपं आहे. फरक पडायला अंतर लागतं. एक किलोमीटर लांबीच्या तळ्यात एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला चंद्राची ओढ इतकी सारखी असते की हिशेब केला तर पाण्याच्या उंचीत एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी फरक निघतो. रंकाळ्यावर संध्याकाळी सुटणारा वारा त्याच्या कितीतरी पट पाणी काठाला लोटतो. माणूस तर साडेपाच-सहा फुटांचा. त्याच्या डोक्यावरची आणि पायावरची ओढ यातला फरक त्याच्या वजनाच्या सुमारे 30 लाख कोटींतला एक भाग येतो. अंगात पाणी 70 टक्के आहे की 100 टक्के, याने त्यात काही बदल होत नाही, कारण प्रश्न पाण्याचा नाही, लांबीचा आहे.

समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला आहे, म्हणून तिथे हा फरक साठत जातो. तरीही पृथ्वीभर खोल पाणीच पाणी असतं तर चंद्राच्या एकट्याच्या ताणाने पाण्याची चढउतार अर्ध्या मीटरच्या आसपासच झाली असती. किनाऱ्यावर ती वाढते ती किनाऱ्याच्या आकारामुळे आणि उथळपणामुळे. रत्नागिरीकडे उधाणाला साधारण दोन मीटर, मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, आणि खंबातच्या आखातात भावनगरकडे चढउतार दहा मीटर ओलांडते, कारण ते आखात निमुळतं होत जातं आणि आत शिरलेलं पाणी भरतीच्या तालाशी जुळून डोलतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे विहिरीचंही असंच होणार आहे. चंद्राचा ताण ठरलेला असतो, पण त्याचं किती आणि कसं दिसेल हे जागेवर अवलंबून असतं. मालवणकडे खाडीकाठच्या काही विहिरींचं पाणी भरतीबरोबर खरंच वर-खाली होतं. तिथे चंद्राने विहिरीला हात लावलेला नसतो, शेजारचा समुद्र खडकातून पाणी मागे ढकलत असतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या अलीकडे तो प्रश्नच नाही.

आता आपल्या पायाखालचं बघू. चंद्र पाण्याइतकाच दगडालाही ताणतो, आणि दगडही थोडा लवतो. आपण उभे आहोत ती जमीन दिवसातून दोनदा साधारण फूटभर वर उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते, उधाणाच्या दिवसांत त्याहून थोडी जास्त. आपल्याला कळत नाही, कारण तुमचं घर, विहीर, पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, सगळं हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात एकत्रच उठतं. कशाशी तुलना करून बघणार? पण यंत्रांना ते कळतं. जिनिव्हाजवळ जमिनीखाली 27 किलोमीटर घेराचं कण धावडवणारं वर्तुळाकार यंत्र होतं. चंद्राच्या ताणामुळे त्या वर्तुळाचा घेर सुमारे एक मिलिमीटर कमी-जास्त व्हायचा, आणि प्रयोगाचे आकडे चुकायला तेवढंही पुरत होतं. शेवटी तिथल्या शास्त्रज्ञांना चंद्र हिशेबात धरावा लागला. या प्रमाणात आपल्याकडचा एक किलोमीटर कातळ मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागाने ताणला जातो. एवढ्याशा ताणाने पाण्याचं काय होणार?

हे तुमच्या विहिरीखाली काय आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे वर काळी माती किंवा मुरूम, मग फुटका-सांध्यांचा खडक, त्याखाली कुठे मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा खडक), कुठे काळा कातळ, आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी गेरूसारखा तांबडा थर. तुमची 40 फुटांची विहीर मुरूम आणि सांध्यांच्या खडकातलं पाणी धरते. हे पाणी वरून मोकळं आहे. खडक किंचित ताणला काय आणि दबला काय, पाण्याला वर पसरायला जागाच जागा. मी हिशेब मांडून बघितला तर अशा विहिरीत फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या घरात येतो. बादली बुडवली तरी पाणी त्याहून जास्त हलतं.

बोअरचं वेगळं असू शकतं. 200-250 फुटांवर पाण्याची भेग लागली असेल, तिच्यावर घट्ट कातळ किंवा तांबड्या थराचं झाकण असेल, आणि बोअर मारल्यावर पाणी जिथे लागलं तिथून बरंच वर चढून थांबलं असेल, तर ते पाणी दाबाखालचं आहे. आम्ही त्याला बंदिस्त जलधर म्हणतो. पाण्याने गच्च भरलेल्या, तोंड बांधलेल्या पिशवीत एक बारीक नळी खोचली तर पिशवी जराशी दाबली तरी नळीतलं पाणी भर्रकन चढतं, आणि जराशी सैल केली की उतरतं. तुमची बोअर ही ती नळी. खडकातला ताण अगदी बारीक, पण पाण्याला बाजूला जायला वाटच नसल्यामुळे तो सगळा बोअरच्या पातळीत उमटतो. त्यातूनच काही मिलिमीटरपासून काही सेंटीमीटरपर्यंतची चढउतार दिसते.

हे पुस्तकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बोहेमियातल्या पाण्याने भरलेल्या एका कोळशाच्या खाणीत पाण्याची अशी चढउतार पहिल्यांदा लक्षात आली, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आणि आपल्या उशालाच, कोयना-वारणा भागात, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने 1990 च्या दशकापासून भूकंपाच्या अभ्यासासाठी बोअर घेऊन त्यातल्या पाण्याच्या पातळ्या सतत मोजल्या. त्यातल्या काही बोअरमध्ये चंद्र-सूर्याच्या ताणाची दिवसातून दोनदा येणारी चढउतार दिसते, काहींमध्ये दिसत नाही. ज्यांत दिसते त्या बोअर खडकातल्या ताणाला चांगला जाब देतात, असं शास्त्रज्ञ धरतात. म्हणजे चंद्र तिथे बोअर पारखायचं साधन झालाय. आमच्या कामातही हाच उपयोग आहे. बोअरच्या नोंदीत चंद्र दिसला की आम्ही ओळखतो, हे पाणी बंदिस्त आहे, वरच्या विहिरींशी त्याचा सरळ संबंध कमी, आणि शेजाऱ्याने बोअर मारली तर तिचा धक्का लांबूनही लागू शकतो.

आता उलट दिशेचं. चंद्र डोक्यावर आला की समुद्राचं पाणी फुगतं, म्हणून बोअरचंही चढत असेल असं वाटतं. पण चंद्र डोक्यावर असताना खडक ताणला जातो, त्यातल्या भेगा अगदी किंचित रुंदावतात, पाण्यावरचा दाब कमी होतो आणि बोअरची पातळी खाली जाते. चंद्र क्षितिजाजवळ असताना खडक पुन्हा आवळतो आणि पातळी वर येते. समुद्रात चंद्र पाण्याला हलवतो, बोअरमध्ये तो पाण्याच्या भांड्याला हलवतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी वडिलांच्या निरीक्षणाच्या आड येते. हा ताण फक्त पौर्णिमेला येत नाही. रोज येतो, दिवसातून दोनदा, अष्टमीलाही. पौर्णिमा-अमावस्येला त्याची उंची वाढते एवढंच, आणि त्या दिवशी पाणी जेवढं जास्त चढतं तेवढंच सहा तासांनी जास्त उतरतं. म्हणजे "पौर्णिमेला पाणी वर असतं" अशी दिवसभराची वाढ चंद्रामुळे होणारच नाही. मोटर तासभर जादा चालण्याइतकी तर नाहीच.

मग वडिलांनी काय पाहिलं? तुमचं रान न बघता मी छातीठोक सांगू शकत नाही, पण आपल्या भागात अशा विहिरींवर मी जे पाहत आलोय त्यावरून तीन शक्यता सांगतो, आणि पहिलीवर माझा जास्त भरवसा आहे.

ज्या भागात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पाळीने येते, तिथे आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एका तालात चालतात. रात्रपाळीच्या आठवड्यात बरेच जण कमी तास पाणी पाजतात, विंचू-सापाचं भय असतं, थंडी असते. उपसा कमी झाला की सगळ्या शिवारातल्या विहिरी थोड्या वर येतात. हा ताल 14 दिवसांचा. अमावस्या ते पौर्णिमा हे अंतर सरासरी 14 दिवस 18 तासांचं. पाऊण दिवसाचाच फरक. त्यामुळे दोन-तीन महिने लाईटची पाळी आणि तिथी हातात हात घालून चालल्यासारख्या दिसतात, आणि बघणाऱ्याला खात्रीच पटते. पण प्रत्येक फेरीला पाऊण दिवस निसटत जातो आणि साधारण साडेचार महिन्यांत चित्र बरोब्बर उलटतं. तेव्हा अष्टमीला पाणी वर आणि पौर्णिमेला खाली दिसायला हवं. वडिलांना विचारा, सणांच्या दिवसांतली आठवण सोडून वर्षभर हे असंच दिसतं का.

दुसरी शक्यता अमावस्येची. आपल्याकडे अजून बरेच लोक अमावस्येला औत धरत नाहीत, मजूर येत नाहीत, कामं थांबतात. शिवारभर उपसा कमी झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी वर दिसणारच. यात चंद्राचा वाटा आहे, पण तो कालनिर्णयातून येतो.

तिसरी शक्यता नदीची. तुमची विहीर नदीच्या अंगाला आहे. खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले, धरणातून पाणी सोडलं, किंवा पाटबंधाऱ्याने उपसाबंदी लावली की नदीची पातळी बदलते आणि दोन-चार दिवसांत काठच्या विहिरी तिच्यामागे जातात. हा फरक फुटांत असतो, चंद्राचा मिलिमीटरमध्ये. दोन्ही एकाच वेळी घडत असतील तर चंद्राला शोधणं म्हणजे मिरवणुकीत कुजबुज ऐकणं.

चंद्र लांब जाण्याबद्दल. हो, तो दरवर्षी सुमारे 3.8 सेंटीमीटर लांब जातोय. हे मोजलेलं आहे. 1969 मध्ये अपोलो 11 ने आणि 1971 मध्ये अपोलो 14 आणि 15 ने चंद्रावर खास परावर्तक ठेवले. रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांवरही तसेच आहेत. पृथ्वीवरून लेझरचा झोत सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, की अंतर कळतं. हे का होतं ते मात्र पुन्हा भरतीपाशीच येतं. पृथ्वी स्वतःभोवती दिवसात एक फेरी मारते, चंद्राला एका फेरीला 27 दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे पृथ्वीवरचा फुगवटा चंद्राच्या बरोबर खाली राहत नाही, पृथ्वी त्याला फिरण्याच्या दिशेने जरा पुढे नेते. पुढे गेलेला हा फुगवटा चंद्राला पुढच्या बाजूने ओढतो. त्यातून चंद्राला गती मिळते आणि तो वरच्या कक्षेत सरकतो. ही गती फुकट येत नाही. पृथ्वीच्या फिरण्यातून ती जाते, आणि उथळ समुद्रात भरतीचं पाणी तळाशी घासून बरीच ऊर्जा उष्णतेत जिरते. त्यामुळे पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतं.

म्हणजे दिवस लांबत चाललाय, शंभर वर्षांत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पावणेदोन पटीइतका. एवढासा फरक कळणार कसा? एक पुरावा बॅबिलोनच्या मातीच्या पाटीवर आहे. इसवीसनपूर्व 136 मध्ये तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद आहे. पृथ्वी आजच्याच वेगाने फिरत आली असती तर ते ग्रहण बॅबिलोनला दिसलंच नसतं, सावलीचा पट्टा खूप दूर पडला असता. दोन हजारांवर वर्षांत पृथ्वीचं घड्याळ एकूण साधारण सव्वातीन तास मागे पडलंय, असं धरलं तरच ते जुळतं. दुसरा पुरावा सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांचा. त्यांच्या अंगावर रोजची आणि वर्षाची वाढ रेघांनी उमटलेली असते. 1963 मध्ये जॉन वेल्स या शास्त्रज्ञाने त्या मोजल्या, तेव्हा वर्षाला 400 च्या आसपास दिवस भरले. वर्ष तेवढंच लांब होतं, म्हणजे दिवस 22 तासांचा होता.

तुमच्या पाण्यावर याचा परिणाम? शंभर वर्षांत चंद्र पावणेचार मीटर लांब जाईल, त्याने भरतीच्या ताणात दहा कोटींतले तीन भाग कमी होतील. उलट चंद्राची कक्षा लंबगोल असल्यामुळे तो दर महिन्याला कधी 3,63,000 किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी 4,05,000 च्या पुढे जातो, आणि त्यामुळे त्याचा ताण जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी-जास्त होतो. तो एवढा फरक दर महिन्याला पडून तुमच्या विहिरीला कळत नाही. त्या काळजीतून मोकळे व्हा.

चंद्र आपल्याला जेवढं करतो त्याहून जास्त आपण त्याला करतो, हे सहसा कोणी सांगत नाही. पृथ्वीचा चंद्रावरचा ताण चंद्राच्या पृथ्वीवरच्या ताणाच्या सुमारे 22 पट आहे. याच ताणाने घासत घासत चंद्राचं स्वतःभोवतीचं फिरणं पृथ्वीभोवतीच्या फेरीशी जुळलं, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. अपोलोच्या लोकांनी ठेवलेली भूकंपमापक यंत्रं 1977 पर्यंत चालू होती. त्यांनी चंद्राच्या पोटात 700 ते 1,200 किलोमीटर खोल होणारे छोटे कंप टिपले, आणि ते महिन्याच्या तालात येत होते. चंद्र पृथ्वीच्या जवळ-लांब होताना त्याचं पोट आवळतं-सुटतं, त्याचे ते कंप. इथे लोक हमखास कोयनेचं विचारतात. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप चंद्रामुळे झाला का? नाही. चंद्राचा ताण खडकावर जेवढा दाब बदलतो, त्याच्या शेकडो पट दाब धरणातल्या शंभर मीटर पाण्याचा तळाशी असतो, आणि कोयनेत त्या पाण्याकडे आणि भेगांत झिरपण्याकडेच बघावं लागतं. आधीच तुटायला आलेल्या भेगेला मोठ्या भरतीचा ताण शेवटचा धक्का देऊ शकतो का, यावर जगात अभ्यास झालेत आणि थोडासा संबंध काही ठिकाणी आढळतोही. पण त्यावरून तिथी सांगून भूकंपाचं भाकीत करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बोअरमध्ये चंद्र बघायचाच असेल तर बघता येतो, आणि मी म्हणेन बघाच. भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात. पाऊसपाण्याचा अंदाज घ्यायला ते पुरतं, पण त्यातून चंद्र दिसणं शक्य नाही. तुम्हाला तासातासाची नोंद लागेल. ऑगस्ट-सप्टेंबर निवडा, तेव्हा शिवारातल्या मोटारी बंद असतात. पावसाने पाणी चढत असेल तरी ते हळू आणि एकाच दिशेने चढतं, दिवसातून दोनदा वर-खाली होत नाही. स्वतःची मोटर किमान आठ-दहा दिवस बंद ठेवा. पाण्याला टेकली की बझर वाजतो ती टेप मिळाली तर तिने दर तासाला मोजा, मिलिमीटर लिहा. सेन्सर सोडायचा असेल तर हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर बाहेर ठेवायला विसरू नका. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी 10 आणि रात्री 10 च्या सुमाराला वाढतो, आणि बंदिस्त बोअरचं पाणी त्यानेही थोडं खाली दबतं. तेही दिवसातून दोनदाच होतं, त्यामुळे पुष्कळांना तोच चंद्र वाटतो.

दोघांना वेगळं काढायची खूण एकच आहे. हवेचा दाब, लाईट, माणसाचं काम, हे सगळं 24 तासांच्या घड्याळाने चालतं. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढायची जुनी रीत आहे, ती याच 50 मिनिटांवर उभी आहे. तुमच्या बोअरमधली सर्वांत खालची पातळी आज दुपारी 12 ला आली, तर आठवड्याने ती त्याच 12 ला येते की संध्याकाळी 6 च्या आसपास सरकते ते बघा. तिथेच राहिली तर हवा किंवा माणूस. सरकली तर चंद्र. एवढी नोंद झाली की आकडे, बोअर मारताना कोणत्या फुटावर पाणी लागलं आणि ते कुठपर्यंत चढलं, आणि तांबडा थर किती फुटावर लागला होता, हे इथेच टाका. मी आलेख काढून देतो. विहिरीची पातळीही त्याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ मोजा आणि शेजारी बंधाऱ्याचे बरगे कधी काढले-घातले ते लिहून ठेवा, म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचाही निकाल लागेल.